वखारीतल्या ३६ इंची बँडसॉचे गाइड नवे केले, त्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

कुपवाडच्या एका पॅलेटवाल्यानं परवाची अख्खी गाडी परत पाठवली. एक इंची फळी मागितलेली, तर कुठं इंचाला कमी भरतीय कुठं जास्त, त्यांना खिळे मारताना त्रास होतोय आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

मग व्हर्नियर घेऊन बसलो आणि परत आलेल्या फळ्या फूट-फूट अंतरावर मोजत गेलो. २५ मिलिमीटरची फळी, एका टोकाला २३.६, मधे २७.१, पुढं परत २४. एकाच फळीत हं. फळी-फळीत फरक असता पण प्रत्येक फळी आपल्यापुरती सारखी असती तर दोष ओंडका करवतीकडं नेणाऱ्या ट्रॉलीच्या, जाडी लावायच्या स्केलमधे शोधला असता. वरच्या कडेला जाड आणि खालच्या कडेला बारीक अशी कायम पाचर येत असती तर पट्टा, म्हणजे करवतीचं फिरतं दाताचं पातं, ओळंब्यात नाही म्हटलं असतं. पण फळीच्या लांबीत लाट आलीय म्हणजे पट्टा चालता चालता डावीउजवीकडं फिरतोय.

सगळ्यांचं बोट धारेकडं. धारवाले मामा वैतागले, "धार कालच लावलीया, दात बघा की हात लावून. पट्टा कशानं फिरतोय ते आदी बघा." दात बघितले, सेट पण (दातांना आळीपाळीनं डावीउजवीकडं दिलेला वाक) दोन्ही बाजूला सारखा आहे. मामांचं खरं आहे.

एक हिशोब लिहून ठेवतो, कारण वखारीतल्या वडीलधाऱ्या अण्णांना तोच पटतो. लाटेमुळं प्रत्येक फळी रंध्यासाठी ३ मिलिमीटर जादा कापावी लागते. एका ओंडक्यात १२ फळ्या धरल्या तर ३६ मिलिमीटर गेले, म्हणजे एक पूर्ण फळी आणि वर थोडं. दर ओंडक्यामागं एक फळी रंध्याच्या भुशात जायलीय.

५ जानेवारी

मेन स्विच बंद केला, किटकॅट फ्यूज काढून खिशात टाकले, मग पट्ट्याचा ताण सोडला आणि पट्टा उतरवला. फ्यूज खिशात असल्याशिवाय कुणीही पट्ट्याला हात लावायचा नाही हा आमच्याकडं नियमच आहे, स्विचवर पाटी अडकवून भागत नाही, कुणीतरी लाइट आली का बघायला म्हणून दाबतोच.

ज्यांनी हे मशीन बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उभा बँडसॉ, वर-खाली ३६ इंची चाकं, त्यावर ४ इंच रुंद २० गेजचा पट्टा. पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढी ठेवतात, म्हणून ९०० च्या चाकाला ०.९ चा पट्टा, त्यापेक्षा जाड घातला तर चाकावर वाकून वाकून लवकर चिरतो. ट्रॉलीवरचा ओंडका जिथं पट्ट्याला भिडतो त्याच्या वर एक गाइड आणि खाली टेबलाच्या पोटात एक गाइड. प्रत्येकात पट्ट्याच्या दोन्ही अंगाला गुटके आणि पाठीमागं एक बेअरिंग. वरचा गाइड ओंडक्याच्या उंचीप्रमाणं वर-खाली सरकतो, खालचा जागेवर पक्का.

वरच्यात बाभळीचे गुटके होते. ओंडक्याकडचा गुटका ५ मिलिमीटर खाल्लेला, दुसऱ्या अंगाचा २, आणि खाल्लेला भाग सपाट नाही तर खोलगट. म्हणजे पट्टा गुटक्याच्या वरच्या आणि खालच्या काठालाच टेकत होता, मधे हवा. कधीकाळी कुणीतरी मागं पत्र्याची पट्टी सारून गुटका पुढं ढकललेला, त्यामुळं तो तिरका बसलाय. पाठीमागची ६२०३ बेअरिंग जाम, फिरतच नाही, आणि तिच्या तोंडावर पट्ट्याच्या पाठीनं खोल रेघ पाडलीय. जाम बेअरिंगवर पट्टा घासला की पाठ तापते, तापलेली पाठ लांबून सैल पडते, दोन्ही काठांचा ताण सारखा राहत नाही आणि मग पट्टा आणखीनच फिरतो. एकातून एक दुखणं आहे हे.

खालच्या गाइडचे बोल्ट सुटेनात. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा मशीनचा खड्डा गाळानं भरला होता, तेव्हा चाक आणि बेअरिंगं धुतली पण गाइडच्या खाचेतला गाळ तसाच वाळून बसला. आज रात्रभर डिझेल आणि रॉकेल मारून ठेवलंय.

६ जानेवारी

बोल्ट सुटले, एक तुटला. खालच्या गाइडला बिडाची दोन ब्रॅकेटं आणि त्यात ओतलेलं व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगात भरतात तो मऊ मिश्रधातू. एकाचं व्हाइट मेटल अर्धं निखळलेलं आणि उरलेल्यात वाळूचे कण रुतून बसलेत. पुराच्या गाळाचे असणार. खरं तर व्हाइट मेटलचा हा गुणच आहे, कचकच आली की ती आपल्या पोटात घेतं आणि पट्ट्याला चरे पडू देत नाही, पण पोट भरल्यावर ते तरी काय करणार.

अण्णा म्हणाले बाभळीचे नवे गुटके करून टाक, तेलात बुडव, लाकडाचे तंतू आडवे न ठेवता त्यांची टोकं पट्ट्याकडं कर, आमच्या वेळी तसंच चालायचं. तसं चालतं यात खोटं काही नाही. पण गुटके आज बदलले आणि मशीन आहे तसंच ठेवलं तर महिन्याभरात परत लाट येईल, म्हणून अण्णांना म्हटलं की गाइडला शेवटी हात लावू, आधी चाकं आणि ताण बघू द्या.

८ जानेवारी

डायल गेज (सुईनं बारीक फरक दाखवणारं माप) लावून दोन्ही चाकं हातानं फिरवली. खालचं ठीक. वरच्या चाकात ०.४ मिलिमीटरची धाव, म्हणजे फिरताना तेवढं डगमगतंय, चाक धरून हलवलं तर बेअरिंगमधे खेळ कळतोय. बेअरिंग बदलली, धाव ०.१ च्या आत आली.

ताणाच्या लिव्हरला जास्त वेळ गेला. आमच्या मशीनला वजनाचा लिव्हर आहे, तो आपल्या टेकूवर मोकळा डुलला पाहिजे. आमचा गंजून अर्ध्यात अडकलेला. माणसांना वाटतं पट्टा एकदा ताणला की झालं, पण आमचा पट्टा जवळजवळ ७ मीटरचा आहे आणि तो नुसता २० अंश तापला तरी दीड मिलिमीटरच्या वर लांबतो, तेवढी ढील लिव्हरनं चालू मशीनमधे आपोआप खेचून घ्यायला पाहिजे. अडकलेला लिव्हर काही खेचत नाही. म्हणून सकाळी कट सरळ आणि दुपारनंतर नागमोडी असं चाललेलं, आणि सगळे म्हणायचे दुपारी धार जाते. टेकू साफ केला, गंज काढला, ग्रीस मारलं, आता वजनाला बोट लावलं तरी डुलतोय.

१० जानेवारी

या सगळ्या कामात मला सगळ्यात मोलाचा दिवस आजचा वाटतो.

दोन्ही गाइड बाहेरच ठेवून पट्टा चढवला, ताण दिला, गार्ड बंद करून रिकामं चालवलं. गाइड नसताना पट्टा स्वतःच्या मर्जीनं जिथून धावतो ती त्याची खरी रेघ. मशीन बंद करून, फ्यूज काढून, त्या जागी लांब सरळपट्टी पट्ट्याच्या अंगाला लावली, दातांचा सेट टाळून मागच्या भागावर, आणि सरळपट्टीच्या दोन्ही टोकांपासून ट्रॉलीच्या रुळापर्यंत मोजलं. ६०० मिलिमीटर लांबीत फरक ०.२. म्हणजे पट्टा रुळाला समांतर आहे, मशीनचा काही दोष नाही. मग मुद्दाम जुने गाइड परत चढवून तसंच मोजलं तर फरक १.५. गाइडच पट्ट्याला पीळ देत होते!

मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण आमच्या आसपासच्या वखारींमधे सगळीकडं उलटं चालतं. कट वाकडा आला की पाना घेऊन एक गुटका दाबायचा, उद्या दुसरीकडं गेला की दुसरा दाबायचा. असल्या साध्या गाइडचं काम पट्ट्याला वळवायचं नाहीच. पट्टा जिथं आहे तिथंच त्याला उभा ठेवायचा, गाठ आली की तिनं त्याला ढकलू नये एवढंच बघायचं. ज्या मशीनमधे गाइडनं पट्टा मुद्दाम रेघेच्या बाहेर दाबून चालवतात ती वेगळी, त्यांची चाकं आणि ताण त्या हिशोबानं बनवलेले असतात. आपल्या मशीनवर ते करायला गेलं की दातांच्या बुडाशी, खोबणीत, बारीक चिरा पडतात आणि मग दोष पट्ट्याची टोकं जोडणाऱ्या ब्रेझिंगवाल्याच्या जॉइंटवर जातो.

रेघ पक्की कळल्यावर टेबलावर पंचनं दोन खुणा मारून ठेवल्या.

१२ जानेवारी

गुटके कशाचे करायचे. सांगलीच्या गणपती पेठेत फिरून आलो.

वरच्या गाइडला हायलम घेतलं, राळेत दाबलेल्या कापडी थरांची कडक शीट. पाणी लागलं तरी फुगत नाही, तापलं तरी वितळत नाही आणि करवतीनं कापून भोकं पाडून कामगार स्वतः बदलू शकतो. दुकानदार पांढरं नायलॉन घ्या म्हणत होता, स्वस्त आहे, पण पट्ट्याचा वेग धरा, ३६ इंची चाकाचा घेर २.८७ मीटर आणि मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला २८ मीटरच्या वर, त्या घासण्यानं नायलॉन मऊ पडून पट्ट्याला चिकटेल. नको.

खालच्याला परत व्हाइट मेटलच. तिथं भुसा, चीक, माती सगळं कोसळतं आणि कण पोटात घेणारा मालच तिथं टिकेल. शिवाय ब्रॅकेटांना आतून डव्हटेल खाच (तोंडाशी अरुंद, आत रुंद) मूळचीच आहे, ओतण्यासाठीच घडवलेली.

१४ जानेवारी

संक्रांत. वखार बंद.

१६ जानेवारी

ओतकाम. मिरजेकडच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलेलं, गुऱ्हाळांच्या ऑइल इंजिनांची बेअरिंगं भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आता हे काम करणारे फार उरले नाहीत म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

जुनं मेटल गॅसच्या ज्योतीनं वितळवून वेगळ्या डब्यात काढलं. त्यात शिसं किती आहे कुणाला ठाऊक, म्हणून नव्यात मिसळायचं नाही. नवं मेटल कथलाच्या जातीचं आणलंय, ८९ टक्के कथील, साडेसात अँटिमनी, साडेतीन तांबं. हे २४१ अंशाला मऊ पडायला लागतं, ३५४ ला पूर्ण पातळ होतं आणि ओतायचं ४२५ च्या आसपास.

ब्रॅकेटं कॉस्टिकच्या पाण्यात उकळली, कारण बिडाच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. मग तारेच्या ब्रशनं घासून पांढरी केली. पुढं कल्हई. झिंक क्लोराइड आणि नवसागर लावून, ब्रॅकेट तापवून, वर कथलाची कांडी फिरवत गेले मिस्त्री. बिडावर कल्हई सहज धरत नाही, त्यातलं ग्राफाइट आडवं येतं, तीन-चार ठिकाणी काळे ठिपके राहिले तिथं परत घासून परत लावलं. मिस्त्री म्हणाले, "कल्हई धरली तर चांगलंच, न्हाई धरली तर खाच धरंल. पन दोनी असल्यावर मानूस निवांत झोपतंय."

साचा म्हणजे पट्ट्याच्या जागी एक सपाट घासलेली लोखंडी प्लेट, तिच्यावर दिव्याची काजळी धरली की मेटल चिकटत नाही. फटी बुजवायला फायर क्ले, ती आदल्या दिवशी लावून पूर्ण वाळवलेली. ओल हा या कामातला खरा शत्रू आहे, पळीत किंवा साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर वितळलेलं मेटल तोंडावर उडतं. म्हणून पळीसुद्धा आधी ज्योतीवर धरून कोरडी केली, आणि ब्रॅकेट-साचा मिळून १२० अंशापर्यंत तापवून ठेवले. सगळं उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून, मास्क, चष्मा, बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. जुन्या मेटलचा धूर नाकात जाऊ द्यायचा नाही आणि हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही.

तापमानाला माझ्याकडं बंदुकीसारखा इन्फ्रारेड मीटर आहे, तो वितळलेल्या चकचकीत मेटलवर धरला तर २१० दाखवतोय! चकचकीत पृष्ठभागावर तो फसतो. मल्टिमीटरची थर्मोकपल वायर बुडवली तर ४२० आलं. मिस्त्रींनी दोन्हीकडं बघितलंसुद्धा नाही, कोरड्या पाइनची काडी बुडवून बाहेर काढली, काडी करपली पण पेटली नाही. "झालं. वता." थर्मोकपल आणि काडी दोन्ही एकच सांगत होत्या हे बघून फार बरं वाटलं.

वरची मळी काढली, तळापासून ढवळलं कारण उभं राहिलं की मिश्रणातले धातू वेगळे व्हायला लागतात, आणि मग एका धारेत, मधे न थांबता ओतलं. धार तुटली की तिथं थर पडतो आणि पुढं तोच सुटतो. वरून ज्योत धरून ठेवली म्हणजे खालून वर असं गार होत आलं. दोन्ही गुटके मिळून लागलं किलोभरच, पण दोन किलो वितळवलेलं होतं, ते बरं, कमी पडलं असतं तर सगळं परत.

गार झाल्यावर हातोडीच्या दांड्यानं वाजवून बघितलं, घट्ट आवाज आला. पोकळ असतं तर बद्द वाजलं असतं.

१९ जानेवारी

कुपवाडला शेपरवर (धातू तासायचं मशीन) तोंड सपाट करून आणलं. शेपरवाल्याला सांगून ठेवलेलं की टूलच्या रेघा पट्ट्याच्या चालीच्या दिशेनं येऊ देत, आडव्या नकोत, आडव्या रेघांत भुसा अडकतो. घरी आणून सरफेस प्लेटवर (अगदी सपाट बिडाची प्लेट) निळा रंग लावून, गुटका तिच्यावर घासून, रंग लागला ते उंचवटे स्क्रेपरनं काढले. पट्टा जिथून गुटक्यात शिरतो त्या वरच्या काठाला पाव इंच उतार दिला म्हणजे भुसा आत ओढला न जाता बाजूला पडतो.

२१ जानेवारी

बसवणी. मॅग्नेट स्टँडवर डायल, तिची सुई पट्ट्याच्या अंगाला टेकवून शून्य केली. एक गुटका हळूहळू पुढं आणायचा, सुई जरा थरथरली म्हणजे पट्ट्याला टेकला, तिथून मागं घेऊन ०.१ मिलिमीटरचा फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) जाईल एवढी फट सोडायची आणि बोल्ट आवळायचा. आवळताना गुटका सरकतो म्हणून आवळून झाल्यावर परत फिलर घालून बघायचं. मग समोरचा गुटका तसाच. ज्यांच्याकडं डायल नाही त्यांनी झेरॉक्सचा साधा कागद वापरावा, तो साधारण तेवढाच जाड असतो. शेवटी सरळपट्टी लावून रुळापासून परत मोजलं, ६०० ला ०.२, गाइड नसताना होतं तेवढंच. हा आकडा बदलला नाही म्हणजे गाइड बरोबर बसले.

गुटक्याचा पुढचा काठ दातांच्या खोबणीच्या बुडापासून ४ मिलिमीटर मागं ठेवला. दाताचा सेट गुटक्याला लागला की एका कटात सेट पण जातो आणि गुटका पण. आता यात एक गोष्ट आमच्याकडं कुणी करत नव्हतं. पट्टा धार लावून लावून अरुंद होत जातो, ४ इंचाचा सव्वातीन होईपर्यंत वापरतो आपण, म्हणजे पट्ट्याच्या पाठीची जागा बदलत जाते. तरी पाठीमागची बेअरिंग नव्या पट्ट्याला लावलेल्या जागीच राहते आणि जुना पट्टा रेटा आला की गुटक्यात मागं सरकून दात खाऊन घेतो. म्हणून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगानं तीन खुणा केल्या, नवा पट्टा, मधला, जुना. पट्टा बदलणाऱ्यानं खुणेवर आणून आवळायचं.

पाठीमागं नव्या ६२०३, दोन्ही बाजूला रबर सील असलेल्या. भुशात पत्र्याच्या सीलची बेअरिंग टिकत नाही. रिकामं चालताना बेअरिंग फिरता कामा नये, अर्धा मिलिमीटर लांब, लाकूड लागलं की फिरायला पाहिजे आणि सुटलं की थांबायला.

२२ जानेवारी

बाभळीचा ओंडका घेतला मुद्दाम, गाठीचा. ट्रॉलीवरचा पोरगा म्हणतो, "आवाजच बदललाय की हो." खरंच बदललाय, आधी गाठीवर पट्टा किंचाळायचा. फळ्या मोजल्या, २५ ला कमीत कमी २४.८ आणि जास्तीत जास्त २५.४. संध्याकाळी, मशीन दिवसभर तापल्यावर परत मोजल्या, तेच. संध्याकाळचे आकडे जुळले ते लिव्हरमुळं, नुसत्या गाइडनं ते जमलं नसतं.

अण्णांनी फळी डोळ्यासमोर धरून धारेवरून बघितली आणि म्हणाले आता रंध्याला दीड मिलिमीटर सोड, तीन नको.

३० जानेवारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक कारागीर तुनाचा ओंडका घेऊन आले. तंबोऱ्याच्या तबलीसाठी, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणासाठी, पातळ फळ्या पाहिजेत. गेल्या वर्षी त्यांना आम्ही नाही म्हणून परत पाठवलेलं, या मशीनवर पातळ फळी सारखी येणार नाही म्हणून. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, नाव देशभर झालं, आणि लाकूड कापायला त्या माणसाला गावोगाव फिरायला लागावं याचं मला वाईट वाटायचं.

तेलाची गोष्ट त्यांनी आधीच सांगितली, लाकडाला डिझेलचा वास नको. एरवी पट्ट्यावर चीक बसू नये म्हणून आम्ही डिझेलचा फडका धरतो. त्यांच्यासाठी पट्टा पुसून कोरडा केला आणि साबणाच्या पाण्याचा थेंब-थेंब लावला, काम झाल्यावर पट्टा पुसून तेलाचा हात मारला नाहीतर गंजतो. सगळ्या फळ्या त्यांनी बोटानं चाचपून घेतल्या, एकही बाजूला काढली नाही.

१६ फेब्रुवारी

गाइड उघडून बघितले. वरच्या हायलमवर झीज जेमतेम, फिलरनं फट ०.१५. खालच्या व्हाइट मेटलवर पट्ट्याची सारखी, सपाट चकाकी आहे, एका काठाला जास्त असं कुठं नाही.

एक गुटका मात्र गेला. रस्त्याकडेची चिंच होती, जाहिरातीच्या पाट्या ठोकून ठोकून खोडात खिळे राहिलेले, सालीवरून दिसतच नाहीत. पट्ट्याचे दात वाकले आणि वाकलेल्या दातानं वरचं हायलम फाडलं. पोरानं स्वतःच कापून ठेवलेला जादाचा गुटका लावला, कागद घालून फट धरली आणि जेवायच्या आधी मशीन चालू. हातातला मेटल डिटेक्टर मागवतोय, रस्त्याकडेचा माल त्याच्याशिवाय ट्रॉलीवर चढवायचा नाही.

वरचा गाइड ज्या खांबावर सरकतो त्याच्या खाचेत थोडा खेळ आहे अजून, उंच ओंडक्याला जाणवत नाही पण गाइड अगदी खाली आणला की डायलवर ०.३ दिसतो. त्याची पट्टी पुढच्या आठवड्यात शेपरवर टाकणार. तोवर धार बदलली की फिलर आणि पट्टा बदलला की सरळपट्टी, हे दोन आकडे मशीनजवळच्या वहीत लिहायचे असं ठरलंय, आणि वही धारवाल्या मामांनी स्वतःकडं मागून घेतलीय.